देसले मॅडम आणि गिटारचा गळा

देसले मॅडम चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हात घालायच्या तेव्हा डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी धरून ठेवायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचा हात मोडलाय. पण ती त्यांची शिस्त होती. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, तसल्या यंत्रात शेकड्यांनी व्होल्ट खेळत असतात. एक हात तारेला आणि दुसरा पत्र्याला लागला, तर करंट थेट छातीतून जातो. एकच हात आत असला तर नुसता झटका बसतो, माणूस वाचतो. "दोन्ही हातांनी फक्त पोळ्या लाटायच्या," त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, "नाहीतर नमस्कार करायचा." मुलं मग एक हात पँटच्या खिशात घालून काम करायची. मॅडमना खिसा नव्हता, पदर होता.

नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात आम्ही दोघी शिकवायचो. त्या इलेक्ट्रॉनिक्स, मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग. शिवाय इंदिरानगरला एकाच इमारतीत राहायचो, त्या वरच्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. त्यामुळे कॉलेजला जाताना माझ्या स्कूटरवर मागे देसले मॅडम असणार, हे ठरलेलंच. त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती, पण माझी स्कूटर कशी चालली आहे हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

"सुनंदा, मागचा ब्रेक घासतोय."

"मला तर काही ऐकू येत नाही, मॅडम."

"तुला येणार नाही. तू रस्ता बघतेस."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला तेच सांगायचा. मॅडमचं सगळ्याच बाबतीत असं होतं. कुणाच्या घरी गेल्या की बसायच्या आधी मान वर करून पंख्याकडे बघायच्या. मिक्सर फिरायला लागला की बोलणं थांबवून ऐकायच्या. हळदीकुंकवाला गेलेल्या असताना एका घरी त्यांनी तिळगूळ हातात घेतला आणि यजमानीणबाईंना म्हणाल्या, "तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर थकलाय. उन्हाळ्याच्या आत बघून घ्या." आवाज म्हटला की तो कशाचा तरी बिघाड असणार, आणि बिघाड म्हटला की तो दुरुस्त होणार, अशी त्यांची साधी समजूत होती. गाण्याची आवड आहे का असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला नाही. आमच्या घरी ते खातं यांच्याकडे."

'हे' म्हणजे शरद देसले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण ती झाली नोकरी. खरे ते ऑर्केस्ट्रातले गायक. तरुणपणी सटाणा, मालेगाव, मनमाड, सगळीकडच्या गणपतींत आणि लग्नांत गायले होते. मॅडम मूळच्या सटाण्याच्याच. डिप्लोमाच्या सुट्टीत घरी आल्या असताना त्यांनी गणपतीच्या मांडवात भाऊंना पहिल्यांदा ऐकलं. हा किस्सा त्यांनी मला बऱ्याचदा सांगितला, आणि दर वेळी त्यात त्यांचं लक्ष स्टेजखाली ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे होतं.

"व्हॉल्व्हचा होता. आत लालसर उजेड दिसायचा. आणि त्याच्यातून यांचा आवाज असा यायचा, सुनंदा... म्हणजे तुला आता काय सांगू. साय असते ना दुधावर, तसा."

"आणि भाऊ दिसायला?"

"ते नंतर बघितलं."

मी त्यांच्या खालच्या घरात राहायला आले तोवर तो आवाज गेला होता. भाऊंना घशाचा आजार झाला होता, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राचा बराचसा भाग काढावा लागला होता. जीव वाचला. राहिली ती एक घोगरी कुजबूज. जोर देऊन बोलायला गेले की ती मधेच फाटायची, एखाद्या शब्दाचं शेपूट गळून पडायचं. भाऊ स्वभावाने मोकळे, गप्पांचे शौकीन. पण घराबाहेर बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. आणि घरात बोलायला लागले, की दोन शब्द होतात न होतात तोच मॅडम वाक्य पुरं करून टाकायच्या.

"आज दुपारी मी जरा..."

"बँकेत जाऊन येता. बरं. पासबुक कपाटात आहे."

बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. चुकलं तरी भाऊ दुरुस्त करत बसायचे नाहीत. मान डोलवायचे आणि चप्पल घालायचे. एकदा ते बँकेत गेले होते ते केवळ मॅडम म्हणाल्या म्हणून; त्यांना जायचं होतं न्हाव्याकडे.

ऑर्केस्ट्रात असताना भाऊ हवाईयन गिटार थोडी शिकले होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि एका हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. सूर तुटत नाही, गळ्यासारखा एकातून दुसऱ्यात घरंगळतो. ऑपरेशननंतर घरी बसून भाऊंनी माळ्यावरची गिटार खाली काढली. दुकानातून एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याचा आवाज ऐकून मॅडमनी नाक मुरडलं. "पत्र्याच्या डब्यात मधमाशी," म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात कामाला लागल्या.

त्यांना मांडवातला तो आवाज परत आणायचा होता. असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण पुढची काही वर्षं वरच्या घरात जे चाललं होतं, त्याला दुसरं काय म्हणायचं ते मला कळत नाही.

एका मोडक्या रेडिओग्राममधून त्यांनी व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढले. स्पीकरची पेटी कशाची करायची यावर बराच खल झाला. प्लायवूड त्यांना चालेना. सातपूरला कारखान्यांत परदेशी यंत्रं येतात, त्यांची पाइनची मोठाली खोकी मग फळकुटं करून विकायला ठेवतात. मॅडम मला घेऊन तिथे गेल्या, आणि फळ्यांच्या ढिगाऱ्यापुढे उकिडव्या बसून एकेका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करायला लागल्या. ही नाही. ही नाही. ही थोडी. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "कलिंगड घेताय का ताई?" मॅडमनी लक्षच दिलं नाही. निवडलेल्या फळीवर काळ्या रंगात एक मोठा बाण छापलेला होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. पेटी तयार झाली तेव्हा तो बाण खाली तोंड करून होता. भाऊंनी बोट दाखवलं. "त्याला काय कळतंय," मॅडम म्हणाल्या.

पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला त्या संध्याकाळी मी वर होते. व्हॉल्व्ह हळूहळू पेटले. भाऊंनी कांडी तारेवर ठेवली. आवाज आला, छान आला, पण त्याच्या खाली एक घूं होती, चक्कीत गेल्यासारखी. मॅडमनी उदबत्तीची जळून उरलेली काडी घेतली, डावा हात पदरात बांधला आणि आतल्या एकेका तारेला काडीनं हळूच ढोसायला सुरुवात केली. कुठल्या तारेला काडी लागल्यावर घूं बदलते ते ऐकत. वास मोगऱ्याचा, आवाज चक्कीचा. ती घूं घालवायला त्यांना अख्खी दिवाळीची सुट्टी लागली. ट्रान्सफॉर्मर फिरवून आडवा बसवला, तारांना पीळ दिले. सुट्टी संपली तेव्हा त्यांनी मला वर बोलावून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि काहीच ऐकवलं नाही.

"काय ऐकायचं, मॅडम?"

"काही नाही. काही ऐकू येतंय का?"

"नाही."

"हां!" म्हणाल्या आणि मला लाडू दिला.

भाऊंनी लोकांसमोर गिटार वाजवावी हीही मॅडमचीच कल्पना. आमच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी प्राचार्यांकडून वेळ मागून घेतली. भाऊ तयार नव्हते. ज्या माणसाने हजारो लोकांपुढे गायलं, त्याला शे-दोनशे पोरांपुढे मांडीवर गिटार घेऊन बसायला घाम फुटला होता. मॅडमनी त्यांचा निळा सफारी इस्त्री करून आणला होता.

भाऊंनी एक जुनं भावगीत घेतलं. सभागृह शांत झालं. पहिल्या कडव्यानंतर त्यांनी कांडी उचलली, क्षणभर थांबले, आणि त्या शांततेत अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बोलायला लागला. स्पष्ट, सरकारी, गंभीर आवाजात.

"...लासलगाव बाजार समितीत आज उन्हाळी कांद्याची आवक..."

कुठल्यातरी रेडिओ केंद्राचे बाजारभाव होते. अ‍ॅम्प्लिफायरनं रेडिओ पकडला होता. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. शिट्ट्या, बाकं वाजवणं, सगळं सुरू झालं. भाऊ खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, ते रडताहेत. तेवढ्यात मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या, स्टेजवर चढल्या, अ‍ॅम्प्लिफायरपाशी वाकून त्यांनी कान लावला आणि पोरांकडे हात करून ओरडल्या, "गप्प बसा रे! सटाण्याचा भाव येऊ द्या!"

मग मात्र प्राचार्यसुद्धा हसायला लागले. भाऊंनी मान वर केली तेव्हा दिसलं, तेही हसत होते, आवाज नसल्यामुळे नुसत्या खांद्यांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाजारभाव संपले आणि त्यांनी दुसरं कडवं सुरू केलं. त्या दिवशी त्यांना जेवढ्या टाळ्या मिळाल्या तेवढ्या ऑर्केस्ट्रात असताना मिळाल्या नसतील. घरी जाताना स्कूटरवर मॅडम एवढंच म्हणाल्या, "रेडिओ अडवायला व्हॉल्व्हच्या पायालाच रेझिस्टर टाकायला हवा होता. लांब टाकला मी. गाढव आहे मी." दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी तो टाकून झाला होता.

असं एकेक करत अ‍ॅम्प्लिफायर सुधारत गेला. मॅडम प्रयोगशाळेतल्यासारखा एक जुना ऑसिलोस्कोप घरी घेऊन आल्या होत्या. त्याच्या हिरव्या पडद्यावर आवाजाची लाट दिसायची. आत गेलेली लाट आणि बाहेर आलेली लाट हुबेहूब सारखी असली पाहिजे, हा त्यांचा धर्म. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत एक तार मागे आणलेली असते. बाहेर पडणारा आवाज थोडासा परत आत येतो आणि झालेली चूक आपोआप खोडतो. वर्गात हे शिकवताना मॅडमचा चेहरा फुलायचा. "यंत्र स्वतःचं ऐकतं आणि स्वतःला सुधारतं! माणसाला जमतं का हे?" मुलं नाही म्हणायची.

लाट अगदी पुस्तकातल्यासारखी गुळगुळीत झाली. आवाज खरंच सायीसारखा झाला. मी खाली स्वयंपाक करताना ऐकायचे तेव्हा हातातलं काम थांबायचं. मॅडमना वाटत होतं, आता अगदी थोडं राहिलंय.

भाऊ मात्र कमी वाजवायला लागले.

एका रविवारी सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. भाऊंनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि ते जोरजोरात वाजवत होते. इतका ताण सहन न होऊन आवाज फाटत होता, खरखरत होता. मॅडम स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आल्या आणि त्यांनी बटण मागे फिरवलं. भाऊंनी पुन्हा पुढे केलं. मॅडमनी पुन्हा मागे केलं. तिसऱ्यांदा भाऊंनी त्यांचं मनगट धरलं.

भाऊ मराठी बोलायचे, पण मनातलं काही आलं की अहिराणी यायची. "राहू दे," ते म्हणाले. "माले असाच जोइजे."

"असाच? अहो, फाटतोय तो! स्पीकर जाईल."

"फाटू दे."

"मग इतकी वर्षं मी काय करतेय? तुमचा आवाज जसा होता तसा..."

मी दारात उभी होते. धड आत जाता येईना, धड मागे फिरता येईना. भाऊंनी श्वास घेतला. त्यांना मोठं वाक्य बोलायचं असलं की आधी असा श्वास घ्यावा लागायचा, आणि एरवी तेवढ्या वेळात मॅडम बोलून मोकळ्या व्हायच्या. या वेळी मात्र मॅडमचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.

"तो आवाज गया, दमे," भाऊ म्हणाले. मॅडमना ते घरात दमे म्हणायचे. "तू त्या गाणाऱ्यासाठी करतेस सगळं. मी इकडे बसलोय."

'इकडे'वर त्यांचा आवाज फाटला. मॅडमनी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेल्या. बटणावर पीठ लागलं होतं. भाऊंनी ते रुमालानं पुसलं. मी डबा टीपॉयवर ठेवला आणि खाली आले.

त्यानंतर मॅडम काही दिवस स्कूटरवर गप्प असायच्या. ब्रेक नाही, इंजिन नाही, काही नाही. मला तर कधी कधी वाटायचं, मागे कुणी बसलेलंच नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो, तेव्हा अचानक मागून आवाज आला.

"सुनंदा, यांचं बोलणं तुला कळतं?"

"कळतं की."

"पुरतं?"

"हो. जरा थांबावं लागतं, एवढंच."

सिग्नल सुटला. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्या तेव्हा त्या माझ्याकडे न बघता पर्स सावरत म्हणाल्या, "मी थांबत नाही." मग लगेच, "ते ऐकवत नाही गं मला. तिथे काही दुरुस्त करता येत नाही ना."

आमचा तास सुरू व्हायची घंटा झाली.

त्या शनिवारी मॅडमनी ती मागे आणलेली तार कापली. त्यांच्या धर्मात हे पाप होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीला शेरा मारून मार्क कापले, तीच आपल्या हाताने करायची. स्कोपवरची लाट वेडीवाकडी झाली, तिची शिखरं चपटी झाली. आवाज सगळाच खरखरीत झाला. भाऊंनी वाजवून बघितलं आणि मान हलवली. "आता नुसताच भांडतोय," म्हणाले. मॅडमनी दुसरं काही करून बघितलं. भाऊंनी पुन्हा मान हलवली. पण आता ते रोज वाजवायला बसत होते, आणि मान हलवायला का होईना, दोघं एका जागी बसत होती. खाली मला कळायचं. तोच तुकडा पुन्हा, मग मॅडमचा प्रश्न, मग शांतता. ही शांतता नवी होती. भाऊ बोलत असावेत.

मग एक दिवस संध्याकाळी वरून भाऊंची किंकाळी आली. "दमे!"

मला वाटलं, मॅडमना शॉक बसला. मी गॅस तसाच ठेवून धावत वर गेले. तर मॅडम हॉलच्या मधोमध स्टुलावर डोळे मिटून बसलेल्या, आणि भाऊ बाल्कनीत उभे.

"परत," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. "आधी हळू म्हणा. मग वाढवत न्या."

"दमे," भाऊ म्हणाले. मग मोठ्याने, "दमे." मग अंगातलं सगळं बळ लावून, मानेच्या शिरा ताणून, "दमे!" आणि आवाज उभा फाटला. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यांनीही स्वतःला ऐकलं नसावं. ते लाजले.

"नाव पुरे झालं," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काही म्हणा. पोळ्या झाल्या का म्हणा."

"पोळ्या झाल्या का!" भाऊ बाल्कनीतून ओरडले. समोरच्या इमारतीतून कुणीतरी बाई तितक्याच जोरात ओरडली, "झाल्या! या!"

भाऊ हसत हसत खुर्चीत बसले. मॅडमही हसत होत्या, पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. मला बघून त्यांना अजिबात संकोच वाटला नाही. घाईघाईनं सांगायला लागल्या, जणू मी त्यांची विद्यार्थिनी.

"एकदम नाही फाटत, सुनंदा. आधी जाड होतो. मग कडा कडा उसवतात. मधला भाग राहतोच. मी इतके दिवस सरसकट फाडत होते." मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

भाऊंनी श्वास घेतला. मॅडम थांबल्या. मीही थांबले.

"तू विचारलं नाहीस," भाऊ म्हणाले.

पुढचं काम सोपं होतं, असं मॅडम म्हणायच्या. कापलेली तार त्यांनी पुन्हा जोडली, पण मधे एक फिरवायचं बटण बसवलं, म्हणजे यंत्रानं स्वतःला किती सुधारायचं ते ठरवता येईल. पहिल्या व्हॉल्व्हची ताकद थोडी उतरवली. नवा स्पीकर काढून रेडिओग्राममधला जुना, कागदी पडद्याचा स्पीकर लावला, तो लवकर दमतो म्हणून. आता हलक्या हातानं तार छेडली की सूर स्वच्छ यायचा. जरा जोर दिला की भरायचा, जाड व्हायचा. आणि भाऊंनी मनापासून मारला की त्याच्या कडा उसवायच्या, मधला सूर तसाच ठेवून. सगळं भाऊंच्या बोटांवर होतं. काम पुरं झालं त्या संध्याकाळी त्यांनी सटाण्याच्या मांडवातलं गाणं वाजवलं. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की अंतऱ्यात एक जागा आहे, तिथे हे पूर्वी असा काही आवाज लावायचे की बायका पदर तोंडाला लावायच्या. ती जागा आली. भाऊंनी कांडी वर सरकवली, दाबली, आणि सूर वर जाता जाता फाटला.

मॅडम स्कोपकडे बघत नव्हत्या. त्यावर त्यांनी टॉवेल टाकला होता.

"हां," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही."

भाऊ पुढे वाजवत राहिले. मी गुपचूप निघाले, तर मॅडम दारापर्यंत आल्या आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या एक्झॉस्ट फॅनमध्ये तेल घाल. सकाळपासून किरकिरतोय."

त्यानंतर भाऊ बाहेरही बोलायला लागले. भाजीवाल्याशी, वॉचमनशी, कुणाशीही. लोक थांबायचे. न थांबून काय करतील, शेजारी मॅडम उभ्या असायच्या आणि कुणी मधे बोलायला लागलं तर त्याच्याकडे असं बघायच्या, की तोंडी परीक्षेत त्यांच्यासमोर उभं राहिलेल्या कुणालाही ती नजर आठवेल.

मॅडम निवृत्त झाल्या आणि दोघं सटाण्याला गेली. भाऊंच्या धाकट्या भावाची तिथे शेती आहे, शेताच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. वरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली आहेत, पण त्यांचं वॉशिंग मशीन चालू झालं की मी नकळत मान वर करते.

गेल्या उन्हाळ्यात मी बसनं सटाण्याला गेले. कांदा काढणी चालू होती. ओट्यासमोर बाभळीखाली ताडपत्री बांधून बायका कांदा निवडत बसल्या होत्या आणि भाऊ ओट्यावर गिटार घेऊन होते. बाण खाली असलेली ती पेटी शेजारी. बायकांना त्याचं काही अप्रूप राहिलं नव्हतं. त्या कांदे फेकता फेकता फर्माइशी करत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, हाई रडकं नको. दुसरं वाजाड." भाऊंनी लगेच दुसरं घेतलं.

मॅडमनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा जेवायला घातलं, मग आम्ही दोघी ओट्यावरच्या बाजेवर बसलो. त्या खूप बोलल्या. गावातल्या पोरींना मोटारीचा स्टार्टर उघडायला शिकवताहेत म्हणाल्या. दिराच्या पंपाचं बेअरिंग जाणार असं त्या महिनाभर सांगत होत्या आणि ते गेलं, हे सांगताना फार खूश होत्या. मग उशीला टेकल्या. मग बोलता बोलता शब्द लांबत गेले. "आणि सुनंदा, तो जो ट्रान्सफॉर्मर..." म्हणाल्या आणि झोपल्या.

भाऊंनी तेव्हा नेमका जोर लावला होता. मॅडमपासून दोन हातांवर तो अ‍ॅम्प्लिफायर पुरता फाटत, गरजत होता. शिवाय त्यात कुठूनतरी एक बारीक घूंही शिरली होती, मलासुद्धा ऐकू येण्यासारखी. मॅडमचं तोंड किंचित उघडं होतं, एक हात बाजेखाली लोंबत होता.

माझी बसची वेळ झाली. मी खुणेनं निघते म्हटलं. मग अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट केलं, की आवाज कमी करा, त्यांना झोपू द्या. भाऊंनी वाजवता वाजवताच मान हलवली आणि श्वास घेतला. मी थांबले.

"कमी केला तर उठेल," ते म्हणाले.

मी शेताच्या बांधावरून रस्त्याकडे चालू लागले. वळणावर मागे बघितलं. बायका कांदे निवडत होत्या, भाऊ मान खाली घालून वाजवत होते, आणि देसले मॅडम कूस बदलून, पेटीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या.